गोष्ट संपली की काम निघते

गोरेगावात मला खोली मिळाली ती मोठ्याने वाचता येते म्हणून. हे गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातले. मुंबईतले नव्हे, हे पत्ता सांगताना मला आजही जोडावे लागते. इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला मी नुकताच रुजू झालो होतो आणि खोली शोधत हिंडत होतो. ओट्यावर बसलेल्या घरमालकिणीने माझी जात विचारली नाही, लग्न झाले का विचारले नाही, खोलीत मटण शिजवणार का तेही विचारले नाही.

‘मोठ्यानं वाचता येते का?’

मी म्हटले, मी शिक्षक आहे.

‘थे नाई विचारलं. मीबी मास्तरीनच होतो. आमच्या शाळेत मास्तर बहुत होते, वाचता येनारे कमी होते.’

काकू मिशनच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. यजमान रेल्वेत होते, ते जाऊन बराच काळ लोटला होता. डोळ्यांचे पडदे खराब झाल्यामुळे समोर माणूस उभा आहे एवढे त्यांना दिसे, अक्षर दिसत नसे. म्हणून रोज संध्याकाळी चहा झाला की भाडेकरूने वाचायचे, ही खोलीची अट होती. काय वाचायचे ते मी विचारले नाही. पेपर असेल असे धरून चाललो आणि सामान आणले.

पहिल्या संध्याकाळी हातात पडले ते पुठ्ठा निखळलेले, सुरुवातीची पाने गेलेले जाडजूड पुस्तक. ख्रिस्ताचे आणि संतांचे चमत्कार, एकापुढे एक. काकू कॅथलिक होत्या. मी बौद्ध घरात वाढलेला, वर विज्ञानाचा मास्तर, त्यामुळे चमत्कारांबद्दलची माझी मते तयारच होती आणि ती ऐकवायला मी उत्सुकही होतो. पहिली गोष्ट एका संताची निघाली. त्याला नदीपलीकडे जायचे होते, नावाड्याने त्याला नावेत घेतले नाही, तेव्हा त्याने अंगावरची घोंगडी पाण्यावर अंथरली आणि तिच्यावर बसून तो पार गेला. मी पुस्तक मिटले आणि घसा साफ केला.

‘थांब, सर,’ काकू म्हणाल्या. ‘नावाडी कुठं गेला?’

मी म्हटले, नावाडी काठावरच राहिला असेल.

‘लिवलं हाये का तसं?’

लिहिलेले नव्हते. ‘मंग? त्याच्या डोळ्यादेखत मानूस घोंगडीवर बसून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं नाव चालवली का नाई चालवली? गरिबाले फुकट बसवाले लागला का नाई?’ त्या सगळ्या संध्याकाळी आम्ही नावाड्याबद्दल बोललो. घोंगडी बुडते की तरंगते याबद्दल मला जे सांगायचे होते ते राहून गेले, आणि पुढे कित्येक महिने राहूनच गेले. ‘खरं का खोटं’ हा प्रश्न त्यांनी बाद केला नव्हता, फक्त त्याला रांगेत मागे उभे केले होते. आधी गोष्टीत कोण कोण हजर होते ते सांगायचे, मग कोणाचे काय झाले ते, मग बाकीचे.

‘सर’ म्हणायचे आणि ‘तू’ म्हणायचे, ही त्यांची रीत होती. ‘सर, तू चहा पिऊन राहिला का झोपून राहिला?’ फादरांनाही तसेच. फादर केरळचे, मराठी शिकत होते, त्यांना वाटे हेच व्याकरण आहे. एकदा तहसीलदार चर्चच्या आवारात आले तेव्हा फादर त्यांना हसतमुखाने ‘साहेब, तू बस’ म्हणाले. काकूंना हे कळल्यावर त्यांनी फक्त तहसीलदार बसले का, एवढे विचारले.

देवघरात मरियामातेची तसबीर होती. तिच्यापुढे त्या मेणबत्ती लावत, प्रार्थना म्हणत आणि आमेन म्हणता म्हणता फुंकर मारून विझवत. ‘बाकीची उद्या,’ असे तसबिरीलाच सांगत. बोलणेही तसेच रोखठोक. एकदा दुपारी मी घरी होतो तर आतून आवाज आला, ‘ऐकून राहिली का? परवाच्याले सांगतलं होतं मी तुले.’ मला वाटले मोलकरीण आली असेल. मोलकरीण नव्हती.

त्यांचे खरे वेड पुढेच आहे. गोष्ट संपली की काम निघते, असे त्यांचे म्हणणे होते. चमत्काराची गोष्ट वाचली आणि आपल्याला काही काम निघाले नाही, तर ती नीट वाचलेली नाही, पुन्हा वाचायची. लुळ्या माणसाला त्याचे मित्र खाटेसकट घेऊन येतात, गर्दीमुळे दारातून आत जाता येत नाही, म्हणून छप्पर उचकटून त्याला वरून ख्रिस्तापुढे सोडतात, ही गोष्ट मी वाचली. माणूस बरा झाला, खाट उचलून चालू लागला. सुंदर गोष्ट आहे, मीही मान्य केले.

‘छप्पर कोनं बसवून देल्लं?’ काकू म्हणाल्या.

‘कोणाचे?’

‘ज्याचं घर होतं त्याचं. हा गेला खाट घेऊन, थे गेले नाचत. घरवाला वर पाहत बसला असन ना?’

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मागच्या गल्लीत एक म्हातारे जोडपे राहायचे, त्यांच्या घरावर माकडांनी धुडगूस घालून कवेलू, म्हणजे कौले, पार विस्कटून टाकले होते. सकाळी मी शिडीवर होतो. खाली काकू, अक्षर न दिसणारे डोळे वर लावून, ‘डावीकडं एक सुटला, सर,’ म्हणत होत्या. तो खरेच सुटला होता, पण मला वाटते त्यांनी अंदाजाने सांगितले.

लग्नात पाण्याचा द्राक्षारस होतो ती गोष्ट तर त्यांनी माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतली की मला ती पाठ झाली. त्यांचे सगळे लक्ष रांजण भरणाऱ्या नोकरांवर. ‘नवरदेवाले समजलं नाई, व्यायाले समजलं नाई. ज्यायनं पानी भरलं त्यायलेच समजलं.’ त्यामुळे गोरेगावातल्या कुठल्याही लग्नाला गेल्या की काकू मांडवात बसत नसत. मागे जिथे पाण्याचे ड्रम आणि वाढपी असतात तिथे खुर्ची मागवून बसत आणि त्यांच्याच पंगतीला जेवत. यजमान अपमान झाल्यासारखे धावत येत. ‘खबर इथंच पयले लागते,’ काकू सांगत. यजमानांना कुठली खबर ते कळत नसे, तरी ते ओशाळून परत जात.

पण एक गोष्ट अशी होती की जिच्यावर त्या चर्चा करत नसत, नुसत्या ऐकत. एका माणसाची मुलगी मरणाला टेकते, तो ख्रिस्ताला बोलवायला जातो, वाटेत निरोप येतो की मुलगी गेली, आता त्रास कशाला देता. ख्रिस्त तरीही जातो, रडणाऱ्यांना बाहेर काढतो, फक्त आईबापांना आणि आपल्या तीन सोबत्यांना आत घेतो, मुलीचा हात धरून तिला उठवतो. मग कोणाला सांगू नका असे बजावतो आणि हिला काही खायला द्या म्हणतो. तिथे गोष्ट संपते. तिथे आले की काकू म्हणत, ‘पुन्हा. शेवटचं.’ मी पुन्हा वाची.

‘काय देल्लं असन खाले?’

‘भाकर. मासे. तिकडे मासेच खात.’

‘तापातून उठलेल्या पोरीले भाकर पचते का? विज्ञान शिकवतो ना तू? पेज देल्ली असन.’

तांदूळ मऊ शिजवून मीठ घातलेली पातळ पेज, सोबत लिंबाच्या लोणच्याची फोड. गावात कोणी आजारी पडले की काकूंचा पेजेचा डबा निघे, आणि डबा पोचवायचे काम माझ्याकडे आले ते त्याच गोष्टीतून. कोणाच्या घरी कोणता देव आहे हे त्या डब्याला माहीत नव्हते. गावातले लोक त्यांना पेजवाल्या काकू म्हणत, आणि मला पेजवाला सर. वर्गात कोणीतरी फळ्यावर तसे लिहूनही ठेवले होते.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी शेजारच्या पल्लवीला मलेरिया झाला. पल्लवी कृषी केंद्रवाल्यांची मुलगी, कॉलेजात शिकणारी, उड्या मारत जिना उतरणारी. ताप डोक्यात गेला. गोंदियाच्या दवाखान्यात ती बेशुद्ध पडून राहिली. डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलावून घ्या म्हटले तेव्हा पल्लवीची आई कपडे न्यायला म्हणून घरी आली आणि कपडे न घेता काकूंच्या ओट्यावर येऊन बसली. काकू जपमाळ म्हणत होत्या. त्या बाईला त्यातला एक शब्द येत नव्हता. ती नुसती काकूंच्या पदराचे टोक धरून बसली. जाताना काकूंनी आपल्या गळ्यातले मरियामातेचे पदक काढून तिच्या हातात दिले. पल्लवीच्या उशाशी ते बांधले गेले, आणि पल्लवीने डोळे उघडले.

मी पेटून सांगितले की औषधाने डोळे उघडले. काकू म्हणाल्या, ‘मी कुठं नाई म्हनतो? जाऊन डॉक्टरले विचार, थो काय म्हनते.’ मी खरोखर गेलो. डॉक्टर म्हणाले औषध लागू पडले, आणि मग चष्मा पुसत म्हणाले, पण मला वाटले नव्हते. मी परत येऊन दोन्ही वाक्ये सांगितली. काकूंनी दोन्ही ऐकून घेतली आणि तांदूळ धुवायला उठल्या.

पण पल्लवीच्या घरी पेज पोचली नाही. तिच्या आईने नवस बोलला होता. मुलगी वाचली तर थंडीतल्या मरियामातेच्या सणापर्यंत ती बुधवार-शनिवार कडक उपास करील, पाण्याखेरीज काही घेणार नाही, आणि सणाला चर्चमध्ये येऊन सगळ्यांसमोर साक्ष देईल. हे घर हिंदू, पवारांचे. चर्चच्या आईला काय चालते आणि काय नाही याची त्यांना कल्पना नव्हती. आपल्या घरच्या देवीला जे देतात त्याहून कमी देऊ नये, एवढाच त्यांचा हिशोब. आजारातून उठलेली पोर आठवड्यातून दोन दिवस कोरडी राहू लागली. उरलेल्या दिवशी लोक दर्शनाला येत. पल्लवी दिवाणावर बसे आणि बाया तिच्या हातावरून हात फिरवून आपल्या कपाळाला लावत. तिला हे अजिबात आवडत नव्हते. एकदा गच्चीवरून तिने मला हळूच विचारले, ‘सर, काकू आज काय शिजवून राहिल्या?’ मी सांगितले. ती वास घेत उभी राहिली.

काकू शेजारी जाऊन, उपास सोडा, असे सांगून आल्या. फादरही जाऊन आले. दोघांचाही उपयोग झाला नाही, कारण पल्लवीच्या आईला पक्के वाटत होते की ही आपली परीक्षा आहे. ‘काकू, तुमी मोठ्या मनाच्या आहात म्हनून म्हनता,’ ती म्हणाली. ‘देवीनं पोरगी देल्ली. आमी काहीच नाई द्याचं का? नवस मोडला आन् तिनं वापस नेली तर?’ काकू भरलेला डबा तसाच घेऊन परत आल्या. त्यांना हरून परत येताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले, आणि खरे सांगतो, मला भीती वाटली. पल्लवीची हाडे वर येत होती, कॉलेज सुटले होते, आणि तिची आई प्रेमापोटीच तिला उपाशी मारत होती. तिला कोणी दुष्ट म्हणावे तर तेही जमत नव्हते.

सणाच्या दिवशी चर्चच्या आवारात शामियाना होता. तिरोड्यापासून, देवरीपासून, पार चिचगडच्या जंगलातून लोक आले होते. निम्मे कॅथलिक नव्हते. व्यासपीठावर खुर्चीत पल्लवी, पांढऱ्या कपड्यात, आदल्या दिवशीपासून उपाशी. मिस्सा, म्हणजे चर्चची मोठी प्रार्थना, झाली. फादरांनी जपून जपून सांगितले की एखाद्या गोष्टीला चमत्कार म्हणायची घाई चर्च करत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग, जिच्या पदकाने हे झाले असे सगळे म्हणत होते, त्या काकूंना बोलायला बोलावले.

काकू माझा दंड धरून वर आल्या. माझ्या एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात ते पुठ्ठा गेलेले पुस्तक. माइक त्यांनी माझ्या तोंडापुढे ढकलला.

‘वाच, सर.’

अशा रीतीने मी, बौद्ध घरातला विज्ञानाचा मास्तर, मरियामातेच्या सणाला भर मंडपात चमत्कार वाचू लागलो. फादर शेजारी होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. मुलीचा हात धरून तिला उठवल्यापर्यंत मंडप शांत होता. शेवटचे वाक्य आले. वाचले.

‘पुन्हा. शेवटचं.’

मी पुन्हा वाचले. हिला काही खायला द्या.

‘आयकलं?’ काकू माइकमध्ये म्हणाल्या. ‘देवानंच सांगतलं हाये. पोरगी उठली का पयलं काम थे. आपन काय केलं? हार घातले. फोटो काढले. खाले कोनं देल्लं?’

त्यांनी पिशवीतून डबा काढला. झाकण उघडल्यावर वाफ निघाली. पल्लवीने डब्याकडे पाहिले आणि लगेच समोर, पहिल्या रांगेत बसलेल्या आईकडे पाहिले. तिची आई उठून उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी नंतर कधी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही. काकूंना ती दिसणे शक्य नव्हते. त्यांनी चमचा हवेत तिच्या दिशेने धरला.

‘मी नाई चारत. गोष्टीत मायबाप आत होते, त्यायलेच सांगतलं त्यानं. तू ये.’

ती बाई वर आली. तिने चमचा धरला, पण पहिला घोट पल्लवीच्या पांढऱ्या ओढणीवर सांडला. ‘काई होत नाई वं, माय,’ पल्लवी म्हणाली. ‘दे.’ दुसरा घोट तोंडात गेला. पल्लवीची आई तिथेच जमिनीवर बसली आणि रडत रडत तिला भरवत राहिली, डबा संपेपर्यंत. आकाश कोसळले नाही. कोणीतरी मागून लोणचे आहे का विचारले.

‘आता त्याच्या वरची ओळ वाच, सर,’ काकू म्हणाल्या.

मी वाचले. हे कोणाला कळू देऊ नका, असे त्याने त्यांना बजावले.

‘आयकलं? जा घरी. कोनाले सांगू नका.’

मंडपातल्या निम्म्या लोकांचे मोबाइल वर होते. संध्याकाळपर्यंत ‘कोनाले सांगू नका’ हा व्हिडिओ तिरोडा, देवरी करत माझ्या गावी माझ्या आईपर्यंत पोचला. तिने फोन करून एवढेच विचारले, तू तिथे काय करत होतास.

घरी येताना आम्ही धानाच्या बांध्यांच्या कडेच्या रस्त्याने चालत आलो. कापणी झाली होती. काकू माझा दंड न सोडता म्हणाल्या, ‘माहीबी पोरगी होती, सर. तापात होती. मी जपमाळ म्हनत होतो, तिच्यासाठीच म्हनत होतो. तिनं पेज मांगतली. मी म्हनलं, थांब बाई, एवढी पुरी होऊ दे.’

मी थांबलो. त्या चालत राहिल्या, म्हणून मलाही चालावे लागले.

‘पुरी झाली तवा थे झोपली होती. मंग उठलीच नाई. तवाबी हे गोष्ट मले पाठ होती. ओळ तवाबी तिथंच होती.’

मी काहीतरी म्हणायचे म्हणून म्हटले की पेजेने ती वाचली असती असे नाही.

‘मी कुठं म्हनतो वाचली असती? उपाशी गेली नसती.’

मला रडू आले. काकूंना दिसत नव्हते ते बरे झाले. त्या रात्रीच्या जेवणात त्यांनी लाखोळीची डाळ केली होती आणि मीठ विसरल्या होत्या. आम्ही दोघांनीही तशीच खाल्ली.

त्यानंतर काही वर्षांनी काकू अंथरुणाला खिळल्या. पल्लवी तोपर्यंत वडिलांसोबत कृषी केंद्र सांभाळू लागली होती, खतांच्या पोत्यांवर चढून माणसांना हाका मारी, आणि रोज दुपारी दुकान आईवर सोडून डबा घेऊन काकूंकडे येई. त्या दिवशी मीही होतो. काकूंच्या बोटांत जपमाळ होती, ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. पल्लवीने चमचा पुढे केला. काकूंनी बोटाने थांबवले, माळेचे मणी दाखवले. एवढी पुरी होऊ दे.

पल्लवीने त्यांच्या हातातली माळ अलगद काढून घेतली आणि उशाशी ठेवली.

‘आधी खा, काकू. देव काई पळून नाई चालला. मी कोनाले सांगत नाई.’

काकू हसल्या. चमच्यामागून चमचा, बरीचशी पेज त्यांनी घेतली, आणि लोणच्याची फोडही मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. कोणाला सांगायचे नाही असे ठरले होते, पण उपाशी गेल्या नाहीत, एवढे सांगायला हरकत नसावी.